टिल्लूच्या फुंकरीचा फ्लोट

मला शपथ घ्यायला सांगू नका. शपथा मी खोट्याही घेतो.

पण हे घडलंय. रात्री-बेरात्री नाही, भर दुपारी. माझ्या थोरल्या ताईच्या घरी, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत.

ताईचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, टाकीतलं पाणी मोजणाऱ्या सेन्सरचे फ्लोट बनवतात. टाकीत एक दांडी उभी असते. दांडीभोवती वर-खाली सरकणारा पोकळ फ्लोट, त्याच्या पोटात लोहचुंबक. पाणी चढलं की फ्लोट चढतो आणि खाली स्वयंपाकघरातल्या पट्टीवर एकेक दिवा लागत जातो.

एवढंच. पण भाऊजी त्यावर असे बोलतात की जणू आकाशातला चंद्र यांनीच वर चढवला.

या धंद्याचा वैरी म्हणजे शेवाळ. टाकीत बुळबुळीत थर धरतो, फ्लोट दांडीला चिकटून बसतो आणि टाकी ठणठणीत कोरडी असली तरी दिवे भरली म्हणून सांगतात. भाऊजींनी यावर उपाय काढला. कडक प्लॅस्टिकऐवजी मऊ रबर. बाळाच्या बाटलीच्या बोंडीला असतं तसलं. याला घाण धरणारच नाही, म्हणाले. पहिला नमुना नेहमीप्रमाणे घरच्याच टाकीत. ताई म्हणते, दुसरीकडे प्रयोगाला उंदीर असतात, इथे मी आहे.

फ्लोट कायमचा बंद करण्याआधी तो गळतो का ते बघतात. बारीक नळीतून हवा भरायची, बादलीत बुडवायचा, बुडबुडे आले की फेकून द्यायचा. हवा पंपाने भरायची असते. त्या दिवशी भाऊजींची लेक तान्ह्याला मांडीवर घेऊन शेजारी बसली होती. तान्ह्याला सगळे टिल्लू म्हणतात. दात येत होते, म्हणून दिसेल ते तोंडात. त्याने नळी पकडली, तोंडात घातली आणि फूऽऽ केलं. लाळेसकट.

आजोबा विरघळले. नातवाची फुंकर वाया कशी घालवायची? त्यांनी नळी चिमटीत दाबली आणि रबराचं सोल्यूशन लावून भोक तिथेच बुजवलं.

चूक झाली ती एवढीच.

काही दिवस बरे गेले. मग एका दुपारी भाऊजी जेवून स्वयंपाकघरात टेकले होते. सगळे नळ बंद. पंप बंद. समोरच्या खोलीत टिल्लू आईजवळ झोपलेला.

पट्टीवरचा सगळ्यात वरचा दिवा... लागला.

मग विझला.

परत लागला... परत विझला.

भाऊजींना वाटलं, वायर सैल असेल. त्यांनी वायर दाबून बघितली. दिव्याचं आपलं चालूच. सावकाश. घाई नाही.

तेवढ्यात त्यांची नजर टिल्लूच्या पोटाकडे गेली.

पोट वर... दिवा लागला.

पोट खाली... दिवा विझला.

भाऊजी गच्चीवर कसे पोचले ते त्यांनाही आठवत नाही. त्यांनी टाकीचं झाकण सरकवलं, आणि आधी आला तो वास. कुबट नाही, शेवाळाचा नाही. आंघोळ राहिली की बाळाच्या मानेच्या घडीत आंबलेलं दूध साचतं ना... तो. पण टाकीभर.

पाण्यावर पिवळट साय होती. भाऊजींनी ती हाताने बाजूला केली. बोटांना तार सुटली. खाली फ्लोट होता. फुगलेला.

कोमट.

त्याच्यावर बारीक लव आली होती, तान्ह्याच्या पाठीवर असते तशी. लवेच्या मधे मधे चिकट. हात लावला की रबर दबायचं, आणि मग... हाताला उलटं ढकलायचं. चाचपताना अंगठा बुजवलेल्या भोकाशी गेला. तिथे आता कड आली होती. मऊ, ओली.

ती कड अंगठ्याभोवती मिटली.

चुट्... चुट्... चुट्...

आणि आत काहीतरी टोचलं. दात.

भाऊजींनी अंगठा ओढून काढला. त्यांनी डोळे मिटून फ्लोट दांडीवरून हिसकला आणि पाण्याबाहेर ओढला.

खालून लेकीची हाक आली. “बाबा, टिल्लूला बघा हो... हा निळा पडतोय!”

भाऊजींनी फ्लोट परत दांडीत ओवला आणि पाण्यात सोडला.

खाली ठसका लागला. मग रडणं. भाऊजी टाकीच्या कडेला बसून ओकले, आणि ओकतानाही म्हणे एक हात झाकणावर दाबून, आत काही पडू नये म्हणून.

लेकीला त्यांनी काही सांगितलं नाही. ताईला सांगितलं. ताई गच्चीवर गेली, बघून आली, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि म्हणाली, “अहो, ते काय असेल ते असो. आपलंच आहे. स्वच्छ ठेवा.”

तेव्हापासून भाऊजी जुन्या सुती फडक्याने ते पुसतात. पुसलेल्या फडक्याचा बोळा पिशवीत बांधून लांब टाकून येतात. एकदा ब्रशने घासलं, तर टिल्लूच्या पाठीवर ओरखडे उठले. टाकीचं पाणी घरात कुणी पीत नाही. एक टिल्लू सोडून. दुसऱ्या पाण्याची बाटली तो थुंकून देतो. या पाण्याची केली की डोळे मिटून संपवतो. ताई भरते, तोंड फिरवून.

पण आता वेगळीच पंचाईत आहे. ते जड होत चाललंय. टाकी काठोकाठ भरली तरी पट्टीवरचा वरचा दिवा हल्ली लागतच नाही, दिवे मधल्यापर्यंत येऊन अडखळतात. तळाला गेलं तर काय, हे भाऊजी बोलत नाहीत. त्याला खालून धरायला ते दुसरे फ्लोट बनवतायत. पंपाने भरलेले सगळे बुडाले. तिथे म्हणे माणसाचीच फुंकर लागते. भाऊजींना दमा आहे, ताईची छाती तोळामासा.

म्हणून रोज मला फोन. भाऊजी म्हणतात, तुझा दम चांगला आहे, एकदा नळीत फुंकून जा.

त्यात काय शिरेल आणि त्याबरोबर माझं काय जाईल, ते मला ठाऊक नाही. मी उद्या, परवा करतो.

फोनवर मागे टिल्लूचा श्वास ऐकू येतो. ओला. बुडबुड्यांचा. आम्ही बोलत असताना तो मधेच थांबतो...

भाऊजी आकडे मोजायला लागतात. मीही.

मग श्वास परत सुरू होतो. काल जरा उशिराच झाला.