उंबऱ्याबाहेरचा जोडा

मधली सुट्टी संपली, आणि हायकोर्टाच्या टेबलावरचा मुद्देमाल जागेवर नव्हता.

चामड्याचे जोडे. रक्ताचे डाग वाळून काळे पडलेले, उजव्याचं टोक झिजलेलं. लाकडाच्या व्यापाऱ्याच्या प्रेताशेजारी ते सापडले होते. त्यांच्याच जोरावर खालच्या कोर्टानं त्याच्याच वखारीत लाकडं कापणाऱ्या करवत्याला फाशी सुनावली होती.

गोऱ्या जज्जसाहेबांचा पारा चढला. "उद्या सकाळपर्यंत मिळाले नाहीत, तर आहे त्या कागदांवर निकाल देईन."

म्हणजे करवत्या लटकणार. फौजदारानं दारं बंद करवली आणि करवत्याच्या वकिलाला गाठलं.

"जोडे जाऊन कुणाचा फायदा?"

"माझा तर नाहीच. मी सकाळीच अर्ज केला होता, आरोपीला ते घालून बघू द्या म्हणून. साहेब म्हणाले, सुट्टीनंतर ठरवू."

"मग खालच्या कोर्टात का नाही बघितलं?"

वकील कडवट हसला. "नेटिव्ह माणसानं कोर्टात जोडे घालायचे नाहीत. साहेबाचा अपमान होतो म्हणे. तुमच्या-माझ्यासारख्या बूटवाल्यांना तेवढी सूट."

"जोडे करवत्याचे, हे सांगितलं कुणी?"

"मयताच्या पुतण्यानं. तोच एक साक्षीदार."

पुतण्या आला, अनवाणी, अंगावर शाल, उजवा पाय किंचित ओढत.

"सुट्टीत कुठं होतात?"

"व्हरांड्यात, पाणी प्यायला. काकांच्या खुन्याचा पुरावा मी कशाला चोरू, फौजदारसाहेब? तो लटकावा म्हणून तर वर्षभर इथं खेटे घालतोय."

बोलणं बिनतोड होतं. कपाटं उपसली, बाकांखाली वाकून पाहिलं, पंखा ओढणाऱ्याची सतरंजीसुद्धा झटकली. संध्याकाळी फाटकावर हवालदारानं एकेकाची झडती घेऊन सगळ्यांना सोडलं. हाती काही लागलं नाही.

फौजदार वैतागून व्हरांड्यात आला. पायरीवर करवत्याची बहीण बसली होती.

"मिळाले का हो, दादा?"

त्यानं मान खाली घातली, तर उंबऱ्यापाशी, लोक जोडे काढतात तिथं, एकच जोड उरला होता.

"हे तुझे?"

"मला कुठले जोडे?"

त्यानं जोड उचलून उलटापालटा केला. रक्ताचा डाग एकही नव्हता, पण उजव्याचं टोक शिवणीपर्यंत झिजलं होतं. त्यानं हवालदाराला हाक मारली.

"आज अनवाणी कोण कोण बाहेर गेलं?"

"कुणीच नाही, साहेब."

"पगड्या झाडल्यात, शाली झाडल्यात. पाय बघितलेत का?"

हवालदारानं जीभ चावली.

सकाळी फौजदारानं कोर्टाच्या टेबलावर दोन जोड मांडले, एक कोरडा आणि एक ओला.

"साहेब, जोडे लपवायला जोड्यांच्या ढिगासारखी जागा नाही. आपण सगळे बूटवाले. उंबऱ्यावर काय पडलंय ते आपण कधी बघतच नाही. चोरानं गडबडीत मुद्देमाल शालीखाली घेतला आणि बाहेर ढिगात टाकला. संध्याकाळी तेच पायात घालून तो आमच्या नाकासमोरून गेला. झडतीत दोन जोड नेता आले नसते, म्हणून स्वतःचा मागे राहिला. दोन्हींचं उजवं टोक सारखंच झिजलंय. पाय ओढत चालणाऱ्याचे हे जोडे आहेत. ओला जोड पहाटे त्याच्याच परसातल्या विहिरीतून काढला."

"पण त्याला तर आरोपीला फाशी हवी होती," साहेब म्हणाले.

"हवीच होती. म्हणून तर जोडे घालून बघायची वेळ येताच तो घाबरला."

साहेबानं प्रथमच नियम बाजूला ठेवला. ओले जोडे करवत्याच्या पसरट पायात निम्मेही शिरले नाहीत. पुतण्याच्या पायात अलगद बसले.

"काका वखार दुसऱ्याच्या नावे करणार होते," एवढंच तो बोलला.

दुपारी करवत्या सुटला. कोठडीच्या वर्षानं तो पार वाळला होता. बहिणीनं त्याचा हात धरला आणि ती फौजदाराकडे वळली.

"यानं जन्मात जोडा घातलेला नाही, दादा."

"मग कोर्टाला का नाही सांगितलंस?"

"रोज यायचे सांगायला. शिपाई म्हणायचा, बाहेर बस."

फौजदारानं स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. ती दोघं अनवाणीच पायऱ्या उतरून गेली.