अर्ध्या किलोची चकती

"चोरून खाल्लं म्हणतात हो माझ्या बहिणीनं!" थोरलीनं टेबलावर हात आपटला. "संध्याकाळी संघाची समिती बेशिस्त म्हणून तिच्यावर बंदी घालणार."

धाकटी कोपऱ्यात उभी होती. राष्ट्रीय स्पर्धेत तिच्या प्रांताची भारोत्तोलक. सकाळच्या अधिकृत वजनात तिचं वजन गटाच्या मर्यादेपेक्षा अर्धा किलो जास्त भरलं होतं. मिळालेल्या तासाभरात ती धावली, घाम काढला, शेवटी वेणीही कापली. तरी वजन उतरलं नाही आणि ती बाद झाली.

तिच्या मानेवरचे ओबडधोबड केस पाहून भावोजींना गलबलून आलं. वहिनी मात्र शांत होत्या. खासगी तपासाचं काम वहिनींचं. त्यांचे दीर, म्हणजे भावोजी, सोबतीला, आणि चुकीचे तर्क करायला.

"पहाटे पथकाच्या काट्यावर बरोबर भरलं होतं," धाकटी म्हणाली. "आमचे प्रशिक्षक सर म्हणाले, छान, आता घोटभर पाणी पी."

"काट्यावर वेगळं काही दिसलं?" वहिनींनी विचारलं.

"चढायच्या आधी आकड्याच्या पुढे एक आडवी रेघ होती. वाटलं, बॅटरी संपत आली असेल."

पथकाच्या मुक्कामी पहिली भेटली धाकटीच्या खोलीतली मैत्रीण. ती फणकारली, "मी कशाला खायला देईन? उलट स्पर्धेनंतर ती दुसऱ्या प्रशिक्षकाकडे जाणार होती, तिच्यासोबत मीही जाणार होते. सरांना कालच कळलं."

"हिनंच दिलं असणार," भावोजी कुजबुजले.

"तुम्ही काट्यावर चढा बघू."

भावोजी नाइलाजानं चढले. आकडा पाहून त्यांनी पोट आत घेतलं. आकडा हलला नाही. उतरले तेव्हा काळ्या मोज्यावर पांढरी पूड होती. काट्याच्या पाट्यावर त्याच पुडीच्या वाटीएवढ्या वर्तुळाचा अर्धा भाग उरला होता.

"काट्याला दोष देऊ नका," प्रशिक्षक दारातून गरजले. "समितीनंही तपासलाय. रात्रभर माझ्या खोलीत कुलपात होता. पहाटे मीच चालू केला. तोवर दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही! पोरीला जिभेवर ताबा नाही, बस्स."

"समितीला बोलवा," वहिनी म्हणाल्या.

सगळे जमल्यावर वहिनींनी काटा बंद केला. सरावाच्या सामानातली अर्ध्या किलोची चकती पाट्यावर ठेवली, मग काटा चालू केला. शून्य. चकती उचलली. आकडा अर्धा, पुढे आडवी रेघ.

"ती रेघ बॅटरीची नव्हे, उणेची. चालू होताना पाट्यावर जे असेल त्यालाच हा काटा शून्य धरतो. भावोजी, चढा."

भावोजी अर्धा किलो हलके भरले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना त्याचा आनंद झाला नाही.

"बंद करून पुन्हा चालू केला की काटा साव. म्हणून समितीला दोष सापडला नाही. पण पकडीसाठी हाताला लावायची पूड चकतीवरून पाट्यावर उतरली. आणि पहाटे काटा चालू करणारा हात एकच. सर, तुम्हीच सांगितलंत. वर तिला पाणीही पाजलंत!" वहिनींचा आवाज पहिल्यांदा चढला.

"मी घडवलं तिला!" प्रशिक्षक ओरडले. "आणि ती मला सोडून जाणार?"

बंदीचा कागद समितीप्रमुखांनी फाडला. पदकाची फेरी तर केव्हाच संपली होती.

धाकटी पुढे आली. तिनं काटा बंद केला, चालू केला, स्वच्छ शून्य येईपर्यंत थांबली आणि चढली.

"वाचा, सर. मोठ्यानं."

प्रशिक्षक दाराकडे वळले.

"वाचल्याशिवाय मी उतरणार नाही," ती म्हणाली.