अनिताकाकीच्या पानातली बासुंदी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर जमणार नाही.

हे खरं घडलंय. माझी मामेबहीण प्रगती हिच्या डोळ्यांदेखत. काटेवाडीत, गेल्या श्रावणात, तिच्या अनिताकाकीच्या वर्षश्राद्धाला. रात्री नाही, भर दुपारी.

काकी बासुंदी खाऊन गेली होती. दूध नासकं होतं म्हणाले. बाकीचे उलट्यांवर निभावले.

अजितकाकांना, म्हणजे काकीच्या नवऱ्याला, काहीच झालं नव्हतं. त्यांनी खाल्लीच नव्हती.

म्हणून वर्षश्राद्धाला संजीवनीआत्या, काकांची बहीण, बारामतीच्या लॅबमधून डबीएवढं, सेलवर चालणारं यंत्र घेऊन आली. काचपट्टीवर थेंब टाकायचा, पट्टी आत सरकवायची. आतला उजेड थेंबातून जातो. जंतूंचं विष असलं की दिवा लाल, नसलं की हिरवा.

"उकळलं तरी ते विष जात न्हाय," आत्या म्हणाली.

प्रगतीनं पातेल्यातला थेंब घेतला.

हिरवा.

मग काकीच्या नावानं वाढलेलं पान...

लाल.

तीच बासुंदी. तीच पळी.

तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला. गोठ्यातल्या म्हशीसुद्धा गप्प...

"येडं झालंय तुझं मशीन," काका हसले. "वाढा, पोरगं भुकेजलंय."

पोरगं म्हणजे शिवम, काकीचा लेक. त्याची वाटी हिरवी. आत्याची हिरवी.

काकांची... लाल.

काकांनी ती वाटी शिवमपुढं सारली आणि त्याची स्वतःकडं ओढली.

"खा रं. काय हुत न्हाय."

स्वतःच्या पोराला? प्रगतीनं शिवमचं मनगट धरलं. नवी पट्टी घेतली.

शिवमपुढची, मघाची लाल वाटी... आता हिरवी.

काकांपुढची... लाल.

आत्या हळूच म्हणाली, "दादा, त्या दिवशी तू का खाल्ली न्हवतीस?"

"भूक न्हवती."

तेवढ्यात स्वयंपाकघरात पळी पातेल्याच्या बुडाला घासली. सावकाश... कुणाला तरी उरलंसुरलं वाढावं तशी.

आत कुणीच नव्हतं.

काका न जेवताच पानावरून उठले, ते थेट इंदापूरला जाऊन राहिले. लॅबनं यंत्र तपासलं. चांगलं आहे म्हणे.

शिवम आता प्रगतीकडंच असतो. परवा काकांनी त्याच्यासाठी पेढे पाठवले.

"बापानं मायेनं पाठवल्यात, खाऊ दे की," मामी, प्रगतीची आई, म्हणाली.

यंत्र बारामतीला. प्रगतीनं खोका न उघडता दप्तरात दडवला, शाळेतही घेऊन गेली. काल आम्ही दोघींनी तो उघडला.

आत पेढा एकही नव्हता. नुसता चुरा... बोटांनी दाबून दाबून केलेला.

वरची सुतळी मीच सोडली. गाठ आली तशीच होती, कुणी सोडलेली नव्हती.