एकसष्ट बाया गेल्या कुठं?

बेल्ह्याच्या बाजारात दादाभाऊ एका खोंडाचे दात मोजत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"दादाभाऊ, बियाणं मंडळातून कुंडलिक बोलतोय. लवकर या. एकसष्ट बाया गायब झाल्यात!"

"कुठनं?"

"कॉम्प्युटरमधनं."

दादाभाऊ रिटायर जमादार. नोकरीत त्यांनी चोरीचे सव्वीस बैल शोधले. सत्ताविसावा आपल्या पायानं चौकीत आला आणि चोराचं नाव हंबरला, असं ते सांगतात. खोटं म्हणायची कुणाची छाती नाही. पण कॉम्प्युटरमधल्या बाया शोधणं हे त्यांनाही नवंच होतं.

जुन्नरला मंडळाच्या खोलीत अंजना बसली होती. आंबेगावच्या डोंगराकडची. मांडीवर गाडगं, गाडग्यात मोरपंखी भाताचं शेवटचं बी.

"आमच्या सासूबाई, लंकाबाई, बी भिजवताना कुणाला जवळ येऊ देत नव्हत्या," ती म्हणाली. "फकस्त मंडळाच्या फोनात सगळं सांगितलं. औंदा त्या न्हाईत, आन् तो आवाजबी न्हाई. आठ दिवसांत पेरायचंय. चुकलं तर हे वाण संपलं बघा."

मंडळाच्या संकेतस्थळावर जुनी वाणं कशी राखायची ते सांगणारे पाचशे जणांचे आवाज होते. ते सांभाळणारी यंत्रणा पीएचपी नावाच्या जुन्या भाषेत होती. महिन्यापूर्वी मंडळाचं कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या ऋषीनं ती रस्ट नावाच्या भाषेत नव्यानं बांधली.

"नव्या भाषेनं खाल्ल्या का बाया?" दादाभाऊंनी विचारलं.

"छे! लई कडक भाषा आहे ती," ऋषी ताठ झाला. "फॉर्मातली कुठली चौकट रिकामी असू शकत असेल, तर तिचं काय करायचं ते आधी विचारते. उत्तर लिहिल्याशिवाय पुढं सरकत नाही."

"गेलेल्यांत पुरुष किती?"

"एकही नाही."

"राहिलेल्यांत बाया?"

"एकच. बायडाबाई."

"जुनं मशीन?"

"पुसलं." ऋषी पंख्याकडं बघू लागला. "उद्घाटनाच्या आदल्या दिवशी."

दादाभाऊ कुंडलिककडं वळले. गावोगाव फिरून आवाज टिपले, तेव्हा प्रत्येकाचा फॉर्म त्यानंच भरला होता.

"ह्या बायडाबाईचं काय येगळं व्हतं, राव?"

कुंडलिकला हसू फुटलं. "नवऱ्यानं दुसरी केली तवापासून रोज त्याचं नाव घेऊन शिव्या घालती. आण्याच्या पठारावर सुरू झाली की ओझरात ऐकू येतं!"

"आन् बाकीच्या?"

"त्या कशाला नवऱ्याचं नाव घेतील? पदर तोंडाला लावून लाजायच्या. मीबी जोर केला न्हाई."

दादाभाऊंनी तंबाखू मळायची थांबवली. दार लोटून घेतलं.

"ऐका. बायांच्या फॉर्मात एक जादा चौकट, नवऱ्याचं नाव. एकसष्ट जणींनी नाव घेतलं न्हाई. चौकट रिकामी. जुनी यंत्रणा भोळी, तिनं तशाच घरात घेतल्या. बायडाबाईची चौकट भरलेली, म्हणून ती वाचली. पण ऋषीभाऊ, नवी भाषा तर विचारल्याबिगर पुढं जात न्हाई म्हणता. म्हंजे रिकाम्या चौकटीचं काय करू, हे तिनं विचारलं. उत्तर कुणी दिलं?"



"मी," ऋषी म्हणाला. "दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. 'सोडून दे' असं लिहिलं. एकच ओळ. वाटलं, चारदोन असतील. नंतर मोजलं तर एकसष्ट."

"आन् कुणी जुन्याशी ताडून बघू नये म्हणून मशीन पुसलंस."

ऋषीची मान खाली गेली.

सत्ताविसाव्या बैलानंतर दादाभाऊंनी इतकं साफ काही उकललं नव्हतं. पण मिशीवर हात जाईना.

"वहिनी, पुन्हा भरू," ऋषी पुटपुटला. त्यानं नवा फॉर्म उघडला. अंजनानं स्वतःचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग ती चौकट आली. तांबडी झाली, अडून बसली.

अंजनानं डोळे मिटले. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती.

"गोरख," ती म्हणाली.

चौकट हिरवी झाली. खाली दुसरी, मोठी उघडली. ऋषीनं वाचून दाखवलं, "बी कसं भिजवता?"

अंजना गाडग्यात बघत राहिली. ऋषीची बोटं कीबोर्डवर तशीच थांबली होती.