कानामागची बट

बट क्रीममध्ये भिजत होती.

माणिकपूरच्या त्या सलूनमध्ये सुरुची आरशातल्या स्वतःकडे पाहणे टाळत होती. धनेश घड्याळात डोळे खुपसून उभा होता. मानेजवळची, कुणाच्या नजरेत न येणारी एक बट त्याने चाचणीसाठी निवडली होती. ती टिकली, तरच बाकीचे केस सरळ करायचे. खरे तर सुरुचीने वेळ घेतली होती सलूनच्या मालकिणीची, प्रिस्काची. पण प्रिस्काला एका नवरीला सजवायला अचानक चर्चकडे धावावे लागले, आणि हा हळू बोलणारा अनोळखी माणूस खुर्चीमागे येऊन उभा राहिला. केस विंचरताना त्याला त्यांत कागड्याची एक पांढरी कळी सापडली होती. सकाळी वटारच्या वाडीत फुले खुडताना अडकलेली. ती त्याने टाकली नाही; आरशापाशी ठेवली. तेव्हापासून सुरुचीचे मन थाऱ्यावर नव्हते.

“डोळे चुरचुरतायत?”

“नाही.” तिने केस कानामागे सारले.

त्याने खिडकी उघडली. “चुरचुरतायत. खोटं बोललात की तुमचा हात कानाकडे जातो. मेहंदी लावत नाही म्हणालात, तेव्हाही गेला होता.”

तिचे कान तापले. “बरंच लक्ष असतं हो तुमचं!”

“केस सरळ केल्यावर तीन दिवस कानामागे घ्यायचे नाहीत. दुमड राहते.”

“मग तीन दिवस मी खोटं कसं बोलू?”

तो हसला, आरशात दोघांच्या नजरा एकमेकींवर आदळल्या आणि घाईने वेगळ्या झाल्या.

“फायदा तरी सांगा.”

“कंगवा अडकणार नाही. सकाळचा अर्धा तास वाचेल. पावसाळ्यात केस फुलणार नाहीत. पण मुळाशी पुन्हा कुरळेच उगवतील. टाळू भाजू शकते... केस तुटूही शकतात.”

“तुम्ही गिऱ्हाईक करताय की पळवताय?”

“प्रिस्कासुद्धा हेच विचारते.”

सुरुचीने कापडाचे टोक बोटाभोवती गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले. “रविवारी बघायला येतायत. फोटो पाहून मुलगा म्हणाला, केस जरा... रानटी वाटतात.”

धनेशने बट पुसली, हलकेच ताणली. ती ओल्या रबरासारखी लांबली आणि आवाज न करता तुटली.

“काळी मेहंदी?”

तिचा हात वर निघाला, अर्ध्यावर थबकला. “पाकिटातली... महिन्यापूर्वी.”

“मग मी करणार नाही. त्या मेहंदीवर हे क्रीम लावलं, तर सगळे केस असेच हातात येतील.”

“पण रविवारी—”

“रविवारी तू अशीच बस त्यांच्यासमोर.”

तो ‘तू’ दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला. धनेश गडबडला. “म्हणजे... तुम्ही. अशाच बसा.”

“आणि त्याने नाही म्हटलं तर?” तिने विचारले; त्या प्रश्नात भीती किती आणि आशा किती, हे तिचे तिलाच उमगेना.

आरशापाशी सुकू लागलेली कळी त्याने तळहातावर घेतली, तिच्यापुढे धरली.

“आणि त्याआधी... मीच विचारलं तर? आवडेल तुला?”

‘छे’ म्हणणे किती सोपे होते! पण ते खोटे ठरले असते. तिने अंगावरचे कापड उतरवले. कळी उचलली, मुठीत घट्ट मिटली. दाराशी पोचेपर्यंत दुसरा हात सवयीने कानाकडे निघाला. तिने तो खाली आणला. जिन्यात वाऱ्याने सगळे केस तोंडावर उधळले. ते तसेच राहू देत, मागे न वळता, ती पायऱ्या उतरत गेली.