वाक्य पुरं होईपर्यंत

"त... त... ताई, फोन माझ्याकडं दे. म्ह... म्ह..."

हनुमंतानं हात पुढं केला होता आणि सविता हातातली परात तशीच धरून त्या हाताकडं बघत राहिली. मळवलीतल्या ज्या बंगल्याची तो राखण करायचा, त्या कामाचा हा फोन. पण इतकी वर्षं तो सविताच्याच कमरेला खोचलेला असायचा. मुंबईहून मालकांचा फोन आला की "हॅलो" ती म्हणायची, पाहुणे किती, जेवण करायचं का, हे ती विचारायची. आणि गवत कापण्यापासून पोहण्याच्या टाकीतला गाळ काढण्यापर्यंतचं काम हनुमंत करायचा. मालकांना वाटायचं, माणूस अबोल आहे. अबोल कसला! शब्द त्याच्या ओठांवर येऊन अडायचा, एवढंच.

"म्हंजी मी मोकळी, व्हय ना?" सवितानं त्याचं वाक्य आपणच पुरं केलं, फोन त्याच्या हातावर ठेवला आणि बादली उचलून मागल्या दारी गेली. तो पाठीमागून काहीतरी सांगतच होता. पण त्याचं वाक्य पुरं व्हायला वेळ लागतो... तेवढा वेळ त्या दिवशी तिनं दिला नाही.

बाप गेला तेव्हा हनुमंत शाळेत होता. हजेरीला त्याच्या तोंडून "हजर" निघेना आणि पोरं हसायची, तेव्हा मधल्या सुट्टीत भांडायला जायची ती सविता. दुकानात, दवाखान्यात, तलाठ्याकडं बोलायला तीच. घरात त्यानं कधी चहा मागितला नाही. 'च' अडतो म्हणून तो "पाणी" म्हणायचा, आणि सविता तांब्याबरोबर चहाचा कपही ठेवायची. चांगली स्थळं आली, ती तिनं कसलीतरी खोड काढून परतवली. "लय नखरे बाई तिचे," असं भावकी म्हणायची. खरं कारण तिनं आईलाही सांगितलं नव्हतं. आपण गेलो, तर ह्याचं कोण बोलणार? आणि आता तेहतिशी उलटल्यावर ह्यालाच ती नकोशी झाली...

हे खूळ ह्याच्या डोक्यात भरवलं कुणी? हनुमंत अलीकडं दर रविवारी लोणावळ्याला जात होता. असेल कुणी पोरगी, असं धरून एका रविवारी ती मागोमाग गेली. बाजारामागच्या शाळेच्या एका वर्गात माणसं गोल करून बसली होती. चिक्कीच्या दुकानातला एकजण, एक रिक्षावाला, कॉलेजातली एक मुलगी. सगळ्यांचंच बोलणं अडणारं. पण कुणी कुणाला हसत नव्हतं आणि कुणी कुणाचा शब्द पुरा करत नव्हतं. पाहुण्यांनी भज्यांचं उरलेलं तेल पोहण्याच्या टाकीत ओतलं, ती गोष्ट हनुमंत सांगत होता. अडत होता, लाल होत होता, पण सोडत नव्हता. आणि माणसं त्या गोष्टीला पोट धरून हसत होती. एवढी लांबलचक गोष्ट त्यानं घरात कधी सांगितली नव्हती. सविताला रडू आलं, पण ते आनंदाचं होतं असं म्हणवत नाही.

वर्ग चालवणाऱ्या अनघाबाई बँकेत नोकरीला होत्या. त्या बाहेर आल्या. "तुम्ही ह... हनुमंतच्या ब... ब..."

"बहीण," सवितानं सांगून टाकलं.

अनघाबाई हसल्या. "शब्द आम्हाला येतो हो. उ... उशिरा येतो. दुसऱ्यानं हातात दिला, की मग तो आपला राहत नाही."

ते बोलणं घरापर्यंत सविताच्या मनात घोळत राहिलं.

पुढं आंबी गावचं स्थळ आलं. मुलगा तळेगावला कारखान्यात, वयानं जुळणारा. ह्या वेळी सवितानं खोड काढली नाही. राहायचं तरी आता कुणासाठी?

सुपारीच्या दिवशी चुलते धोंडिबा आबा सकाळीच आले. "हणमा, आज तू गप ऱ्हा. न बोलणाऱ्याचे गव्हू खपत न्हाईत बाबा. त्यांना वाटंल घराण्यातच खोट हाय, आन् सोयरीक मोडंल. बोलणी मी करतो."

हनुमंतानं नकाराची मान हलवली. बापाच्या जागी तो होता.

बैठक बसली. मुलाचे वडील केरबा म्हणाले, "मग, पोरगी देताय न्हवं?"

"आमची स... स..."

हनुमंताच्या कपाळावर घाम आला. दाराआड उभ्या सविताला ठाऊक होतं, 'ताई' म्हणून तो सुटू शकला असता. सारा जन्म तो असाच शब्द बदलून सुटत आला होता. आज तो बदलत नव्हता. तिचंच नाव तिच्या ओठांवर आलं... तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. इतक्यात आबा खाकरले आणि बोलायला पुढं सरकले, तशी रीतभात विसरून ती दारात आली.

"आबा, थांबा. त्याचं वाक्य व्हायचंय अजून."

आबा मागं टेकले.

"स... सविता. आमची सविता तुमच्या घरी दिली," हनुमंत म्हणाला. आणि तेवढ्यावर न थांबता म्हणाला, "आजवर मा... माझं बोलणं हिनं केलं. माझ्यापायी आलेली स्थळं परतवली. आईनं वळखलं हुतं, तिनंच सांगितलं मला. म्हणून फोन मागितला हिच्याकडं. म्ह... म्हंजी ही तिच्या घरला जाईल."

मागल्या दारी जाताना तिनं ऐकून न घेतलेलं वाक्य ते हेच होतं. सविता चौकटीला धरून उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

केरबांनी सुपारी उचलली. "आमाला पोरगी पसंत, पावनाबी पसंत. फोडा."

थोड्या वेळानं हनुमंत स्वयंपाकघरात आला. सवितानं त्याचा हात धरला. "त्या दिवशीच का न्हाई सांगितलंस रे मला?"

"सांगतच हुतो. तूच ग... गेलीस."

ती रडता रडता हसली. ताटात कप भरून ठेवले होते, त्यांतला एक तिनं सवयीनं उचलला.

"ताई, च... च..."

कप तिच्या हातात होता, वाफ येत होती. तो तसाच धरून ती उभी राहिली.

"...चहा दे."

मग तिनं दिला.