लाल चिंधीचा कंदील

निमखेडच्या शाळेत पाऊल टाकलं आणि भुजंग जमादाराने नाकाला रुमाल लावला. ओकारीचा वास त्याला काही नवा नव्हता, ठाण्यात दारुडे रोजचेच. पण ह्या ओकारीला रॉकेलचा वास होता. नववीच्या वर्गात पाच पोरं गोणपाटावर आडवी पडली होती. प्रत्येकाच्या उशाशी एक घमेलं, त्यात काळा फेस, आणि फेसावर माशा.

ताडकळसच्या डॉक्टराने हात टेकले होते. पोटात काही नाही म्हणे.

"काही न्हाई कसं?" सरपंच माणिकरावांनी काडीने घमेल्यातलं चाळवलं. वर काचा आल्या. पातळ, गोलाईच्या, काजळी धरलेल्या. त्यांनी काडी टाकून दिली.

"ह्यो सिताराम मास्तरचाच कारभार हाय. आईच्या मरणाचा अर्ज करायलाय न्हाई का, त्याचाच डूख."

सितारामची आई चांगुणाबाई गेल्या श्रावणात, नामांतराच्या दंगलीत, झोपडीसकट जळाली. कोणी पेटवलं ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. माणिकरावांनी पाच कोऱ्या कागदांवर पाच अंगठे आणून दिले आणि वरचे जबाब भुजंगने ठाण्यात चहा पीतपीत भरले, की म्हातारीचा कंदील कलंडला. रीतच होती तशी. खरं वाटावं म्हणून जबाबात कंदिलाच्या कडीला त्याने एक लाल चिंधीही बांधून टाकली होती. सगळं मनाचं.

त्याने वही काढली, पोरांची नावं लिहून घेतली. मग बापांची. तिसऱ्या बापाला हात थबकला. पाच पोरं, आणि अंगठेही त्याच पाच बापांचे.

मास्तर तिथेच होता. शेवटच्या पोराचं, आश्रुबाचं, डोकं मांडीवर घेऊन त्याचं तोंड पुसत होता. त्या घाणीत त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत माखले होते, आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. भुजंगला त्याच्याकडे बघवेना.

"जमादार, आमच्या घरी कंदील नव्हता," सिताराम हळूच म्हणाला. "चिमणी होती, शाईच्या दौतीची. तुमाला तवाबी सांगितलं होतं."

आश्रुबा गुदमरायला लागला. मास्तराने त्याच्या घशात दोन बोटं घातली आणि काहीतरी ओढलं. लाळेत लडबडलेली, कडेने जळकी, वीतभर लाल चिंधी.

त्या चिंधीची गोष्ट जगात एकट्या भुजंगला माहीत होती. जबाब ठाण्याच्या कपाटात होते, आणि अंगठेवाल्यांना वाचताच येत नव्हतं.

बाहेर ओसरीवर माणिकरावांनी पाच कागद पुढे केले. कोरे. खाली निळे अंगठे, अजून ओले.

"उद्याच्या बाजाराआधी मास्तर आत गेला पायजे. न्हाईतर लोक त्याच्या वस्तीवर जातील. मग माझ्या हातात काई न्हाई."

खरं लिहायचं तर कंदिलापासून लिहावं लागलं असतं. अंगावरची वर्दी गेली असती. भुजंगला स्वतःची शिसारी आली. तरी त्याने पेनचं टोपण काढलं.

सिताराम मास्तराला पिण्याच्या रांजणात पुडी टाकताना आम्ही पाहिलं. खरं वाटावं म्हणून त्याने पुढे लिहिलं, कागद निळा, चौपट घडीचा, आत पांढरी पूड.

बेड्या घालताना मास्तर एवढंच म्हणाला, "लेकरायला पाणी पाजत ऱ्हावा."

दिवेलागणीला भुजंग क्वार्टरवर आला. त्याने साबणाने हात तीनदा धुतले. रॉकेलचा वास जाईना. त्याची लेक रुख्मिणी, तीही नववीतच, ताट वाढून बापाची वाट बघत बसली होती.

"मास्तरला धरलं का वो बाबा?"

"जेव गुमान."

दुसऱ्या घासाला ती थांबली.

जिभेवर काहीतरी आलं होतं. केस असेल म्हणून तिने दोन बोटांनी ओढून काढलं आणि ताटाच्या कडेला ठेवलं.

निळा कागद होता. चौपट घडीचा.

"बाबा, लय कडू लागायलंय."

भुजंगने घडी उलगडली. घडीच्या रेघांत तेवढी पांढरी पूड अडकली होती. बाकी पुडी रिकामी होती.